पट्टीवरचं दीड

३ जून, मंगळवार

लेकरांच्या वॉर्डात माझ्या हाताखाली नवीन नर्स आलीय. किरण. मलिहाबादची. बाप कुणाच्या तरी आंब्याच्या बागेत राखणदार. डिप्लोमाची शाई अजून ओली.

सगळ्या नव्यांना विचारते तेच विचारलं. आठ किलोचं बाळ, किलोमागे दिवसाला पंधरा मिलिग्रॅम, दोन वेळांत विभागून. औषधाची वायल शंभर मिलिग्रॅमची, दोन मि.लि. किती भरशील? पुटपुटत राहिली बराच वेळ. मग म्हणाली, "वन पॉइंट टू...?"

बरोबर होतं. पण शेवटी प्रश्नचिन्ह. म्हटलं, "सिरिंज में क्वेश्चन मार्क भी भरोगी क्या?" आणि सगळ्या आयांसमोर उभं करून पंधराचा पाढा म्हणायला लावला. पंद्रह सत्तेवर अडकली. एक आई खुदकन हसली. किरणचे कान लाल झाले.

मला बरं वाटलं. लपवू कुणापासून, मीच वाचणार आहे हे.

मग नियम सांगितला. माझ्या वॉर्डात हिशेब मी करते. सकाळच्या राउंडनंतर प्रत्येक लेकराच्या ट्रेवर पांढरी चिकटपट्टी, पट्टीवर आकडा, किती मि.लि. बस. "दिमाग घर पे रखो. पट्टी पढ़ो, भरो, साइन करो." मॅट्रन मॅडम दुसऱ्या वॉर्डांतल्या पोरींना माझ्या पट्ट्या दाखवायला घेऊन येतात.

५ जून

लू. कपूरथळ्याच्या बाजारातून भाजी आणता आणता डोकं फिरलं. घरी लाइट नाही. सुमेधला म्हटलं, अरे पाणी तरी भरून ठेवायचं. तो म्हणाला, "मम्मी, मोटर बंद थी तो कैसे भरता?" मी मराठीत ओरडते, तो हिंदीत उत्तर देतो. भांडणसुद्धा धड एका भाषेत होत नाही.

६ जून, शुक्रवार

बेड सातवर अंशू. वर्षाचा, दहा किलो. लघवीचं इन्फेक्शन, ताप उतरत नाही. गुटगुटीत आहे. आई बाराबंकीकडची, एकटीच. नवरा सुरतला कामाला. बाई सारखी काहीतरी विचारते. ये कौन-सी दवा है, इससे नींद आएगी क्या, दूध पिला दूँ क्या.

डॉ. निगमनी अ‍ॅमिकासिन लिहिलं. ७५ मि.ग्रॅ., सकाळ-संध्याकाळ. किडनीला आणि कानाला वाईट औषध, म्हणून मोजून-मापून. शंभरच्या वायलमधून दीड मि.लि. पट्टी लावली: १.५.

७ जून, शनिवार

किरण ट्रेपाशी उभी. एका हातात वायल, दुसऱ्या हाताच्या तळव्यावर पेनानं गुणाकार. तळव्यावर! म्हटलं, हे काय चाललंय. म्हणाली, "मैडम, बस एक बार वायल से मिला लूँ? कॉलेज में सिखाया था।"

तिचा हात धरून बेसिनवर नेला, साबणानं धुवायला लावला. "मेरी पट्टी पे भरोसा नहीं है? कॉलेज इतना अच्छा था तो वहीं रह जातीं।" बाकीच्या पोरी कापसाचे बोळे करत होत्या. मान कुणी वर केली नाही. अशीच शिस्त लागते.

ह्यांना रात्री सांगितलं तर म्हणे, "कशाला एवढी तोडते पोरीला? विचारलंच तर आहे." ऑफिसात बसून फायली सरकवणाऱ्या माणसाला काय कळणार. फाइल चुकली तर परत येते.

मी इथं रुजू झाले तेव्हा एका डॉक्टरनं सगळ्यांदेखत विचारलं होतं, "गजभिए? ये कौन-सी बिरादरी हुई?" नागपूरला असतं तर आडनावावरून काय ते समजून गप्प बसले असते. इथं समजावून सांगावं लागलं. त्या दिवसापासून मी चुकायचं बंद केलं. या पोरींना चुकणं परवडतं, मला परवडत नाही.

९ जून, सोमवार

दोन पोरी रजेवर. किरणला डबल ड्यूटी लावली, सकाळही तीच, संध्याकाळही तीच. तोंड एवढंसं झालं पण बोलली नाही. सुधारतेय.

धावपळ इतकी की अंशूची सकाळची सिरिंज मीच भरून तिच्या हातात दिली. तिनं ती अंशूला दिली आणि सही केली. मी भरलं तरी सही त्यांचीच, हे आधीपासून तसंच आहे.

आज कुणावर ओरडले नाही. चांगला दिवस.

१० जून, मंगळवार

नीट लिहिते.

दुपारी अंशूची आई म्हणाली, सकाळपासून लंगोट कोरडा आहे. मी म्हटलं, गर्मी आहे, पाणी पाजा. डॉ. निगम राउंडला आले, त्यांनी रक्त पाठवलं. रिपोर्टमध्ये किडनीचा आकडा वर. निगमनी विचारलं, अ‍ॅमिकासिन किती जातंय? मी म्हटलं, पंचाहत्तर. म्हणता म्हणता ट्रेकडे हात गेला, वायल उचलली.

पाचशे.

पाचशे मि.ग्रॅ., दोन मि.लि. तीच कंपनी, तेवढीच बाटली, तेच झाकण. स्टोअरनं शंभरच्या संपल्या म्हणून पाचशेच्या पाठवल्या. पट्टीवर माझा आकडा तसाच. दीड मि.लि. म्हणजे पंचाहत्तर नाही, पावणेचारशे. पाचपट. काल सकाळी, काल संध्याकाळी, आज सकाळी.

काल सकाळी मी भरली.

औषध त्याच मिनिटाला बंद करायला लावलं. निगमना मीच सांगितलं, लपवलं नाही. सलाइन वाढवलं, दर तासाला लघवी मोजायची. तेवढं सगळं झटपट केलं.

निगमनी विचारलं, "हुआ कैसे?" मी म्हणाले, "वायल बदली थी सर. सिस्टर ने स्ट्रेंथ नहीं देखी।"

सिस्टर म्हणजे कोण, ते म्हटलं नाही. त्यांनी चार्ट बघितला. तीन सह्या. किरण, किरण, किरण.

११ जून, बुधवार

अंशूला लघवी होतेय. आकडा थोडा उतरला. किडनी सावरेल असं निगम म्हणतात. कानाचं सांगता येत नाही. त्याची मशीनवरची तपासणी ताप गेल्यावर, तीही दुसऱ्या हॉस्पिटलात, नंबर लावलाय.

किरण कपडे बदलायच्या खोलीत भेटली. भेटली म्हणजे माझी वाट बघत उभी होती. मला वाटलं रडेल. रडली असती तर मला सोपं गेलं असतं, रडणाऱ्यांना कसं गप्प करायचं ते मला येतं.

म्हणाली, "मैडम, मैंने देखा था। पाँच सौ लिखा था, मैंने देखा था।"

मी म्हटलं, काय?

"सोमवार सुबह जब आप भर रही थीं, तब। फिर आपने डेढ़ ही भरा, तो मुझे लगा आपने हिसाब करके ही भरा होगा।"

"तो पूछा क्यों नहीं?"

मग खाली बघून म्हणाली, "आप फिर से पहाड़ा बुलवातीं, मैडम।"

मी तिला सोडून बाहेर आले. कॉरिडॉरमध्ये पंख्याखाली उभी राहिले. एका वर्षाच्या लेकराच्या अंगात पाचपट औषध जाताना दिसतंय, आणि ही पोरगी पाढ्याला घाबरली. इतकी मूर्ख. इतकी मूर्ख मी केली तिला. दोन्ही वाक्यं खरी आहेत. पहिलं मी मोठ्यानं म्हणू शकते.

१३ जून, शुक्रवार

अंशूच्या आईला कुणीतरी सांगितलं. कोणी ते कळलं नाही. सगळं नाही सांगितलं, एवढंच की औषध जास्त गेलं आणि कानाला लागू शकतं.

दिवसभर बाई त्याच्या डोक्यामागे टाळ्या वाजवते. वाटी-चमचा वाजवते. "अंशू! ए अंशू! इधर!" पोरगं कधी बघतं, कधी नाही. खेळत असलं की बघत नाही. झोपलं की दचकत नाही. तिला म्हटलं, आराम करू द्या, आजारी लेकरू आहे. म्हणाली, "सिस्टर जी, बस एक बार और।"

चमच्याचा आवाज पूर्ण वॉर्डात जातो. नर्सिंग स्टेशनवर बसलं तरी ऐकू येतो. मला येतो.

१४ जून, शनिवार

घरी आले तर दाराशी पेटी. दशहरी. गवतात नीट लावलेले, प्रत्येक आंब्याचा देठ वर. टेम्पोवाल्याच्या हाती पाठवलेली. सुमेधनं तोवर चार आंबे संपवले होते. "मम्मी, किसने भेजे? मस्त हैं यार."

किरणच्या बापानं.

पेटीवर लिहिलेल्या नंबरवर फोन लावला. लावायला नको होता. म्हातारा आनंदानं ओरडूनच बोलत होता. "मैडम जी, बिटिया कह रही थी कि मैडम हैं तो कुछ नहीं होगा। आप ही बचाएँगी। बाग हमारा नहीं है, पर ये पेड़ मालिक ने हमको दिया है, अपने हाथ के हैं।"

तिनं घरी हे सांगितलंय. की मी आहे.

ह्यांनी विचारलं, "कोणाकडून आले गं?" म्हटलं, एका पेशंटकडून. ह्यांनी पण खाल्ला एक. रस कोपरापर्यंत गेला ह्यांच्या. मला काही खाववला नाही. पेटी मागे ढकलून ठेवली, वास घरभर पसरला.

१५ जून, रविवार

उद्या चौकशीची कमिटी.

काय म्हणायचं ते मनात लावून बघतेय. पट्टी माझी, सोमवारची सिरिंज माझी. दोनच वाक्यं. एवढी वर्षं दुसऱ्यांच्या चुका मी एका दमात पाठ म्हणते. ही दोन वाक्यं तोंडात बसत नाहीत.

आणि म्हटलं तर? "गजभिए से ग़लती हो गई।" ते वाक्य हॉस्पिटलभर फिरेल. ती आडनाव विचारणारी माणसं हसणार नाहीत, मान हलवतील. त्यापेक्षा हसलेलं परवडेल.

१६ जून, सोमवार

झालं.

मॅट्रन, डॉ. निगम, ऑफिसचा एक माणूस. किरणला उभं ठेवलं होतं. मला खुर्ची.

निगमनी मला विचारलं, "आपके वॉर्ड में डोज़ कौन कैलकुलेट करता है?"

मी म्हणाले, "नियम से तो सर, जो देता है वही।"

पुस्तकात तसंच लिहिलंय. मॅट्रननी माझ्याकडे बघितलं आणि मग खिडकीकडे. माझ्या पट्ट्या त्यांनीच सगळीकडे मिरवल्या होत्या. त्यांनाही आता पट्टी नको होती.

मग किरणला विचारलं, वायल बघितली नव्हती का? त्यांनी तिला वेळ दिला, ती विचार करत होती, आणि मला ते थांबणं सहन झालं नाही. माझं तोंड उघडलं. "सर, इसने मुझे ख़ुद बताया है। पाँच सौ देखा था इसने। देखकर भी दिया।"

ऑफिसच्या माणसानं पेन उचललं.

किरणनं माझ्याकडे बघितलं. बाकी कुणाकडे नाही. मी उत्तर तयार ठेवलं होतं. ती म्हणेल, सोमवारी मॅडमनं भरलं, मी म्हणेन, सही कुणाची आहे. तिनं सोमवारचं नावच काढलं नाही. एवढंच म्हणाली, "जी। देखा था।"

उत्तर माझ्या तोंडात तसंच राहिलं.

ती निलंबित. नर्सिंग काउन्सिलला पत्र पुढच्या सोमवारी जाणार, रजिस्ट्रेशन रद्द करा म्हणून. गेलं की तिचं संपलं. वीस-बावीस वर्षांची असेल. बाहेर पडताना मला नमस्ते करून गेली. सवयीनं केलं असेल. सवयीनंच केलं असू दे.

१७ जून

पट्ट्या बंद. मॅट्रनचा हुकूम, सगळ्या वॉर्डांत. जो देणार त्यानंच मोजायचं, दुसरीनं वेगळं मोजायचं, दोघींनी सही. पहिल्या दिवसापासून पुस्तकात होतं तेच.

पोरी आता मोठमोठ्यानं मोजतात. मुद्दाम माझ्या टेबलापाशी येऊन. "वायल पाँच सौ की! दो एम.एल.!" मी एका लेकराची सिरिंज भरून एकीला दिली. तिनं हसून घेतली, बेसिनपाशी गेली, ती टाकून दिली आणि नवीन भरली. मला दिसेल अशी. मी पंधराचा पाढा म्हणायला लावला नाही.

जेवायला कुणी हाक मारत नाही. डबा टेबलावरच खाल्ला. चांगलंच आहे. आधी तरी कुठं त्यांच्यात बसत होते.

१९ जून, गुरुवार

आंबे मऊ पडले. कामवालीला दिले. सुमेध वैतागला, "पूछ तो लेतीं." ह्यांनी विचारलं, "तुला काय झालंय सध्या?" म्हटलं, उन्हाचा त्रास. ह्यांनी वाळ्याचं सरबत करून दिलं, अगदी साखर नीट विरघळवून. एवढं चांगलं वागू नये कुणी माझ्याशी आठवडाभर.

कमिटीत सांगितलं असतं तर काय झालं असतं, ते आता शांतपणे कळतं. ताकीद. फार तर बदली. किरणची नोकरी वाचली असती. आता सांगितलं तर दोन गोष्टी. चूक, आणि कमिटीसमोर खोटं बोलणं.

मॅट्रन दुपारी जिन्यात थांबल्या. म्हणाल्या, "पत्र सोमवारी जातंय" अशा अर्थाचं काहीतरी, मग, "कुछ कहना हो तो उससे पहले कह देना, गजभिए." त्यांना माहीत आहे. सगळ्यांना माहीत आहे. फक्त मला म्हणावं लागेल असं ठेवलंय त्यांनी.

२० जून, शुक्रवार

अंशूच्या कानाच्या तपासणीला मंगळवार मिळाला. पत्र सोमवारी. उलटं असतं तर किती बरं.

हिशेब असा: त्याला ऐकू येत असेल तर जे झालं ते निभावलेलं झालं. पोरगं धड आहे, आई खूश आहे, अशा वेळी खरं बोलणं परवडतं. ऐकू येत नसेल तर माझ्या नावावर एका लेकराचे कान. मग कोण बोलेल? मी नाही बोलणार. मला स्वतःची ओळख आहे.

म्हणून मंगळवारपर्यंत थांबता येत नाही. सोमवारच्या आत कळायला हवं.

२१ जून, शनिवार

आज सकाळी केलं.

अंशू आईच्या मांडीवर, पाठ माझ्याकडे. आई त्याच्या हातातला प्लास्टिकचा हत्ती फिरवत होती. आज टाळ्या नाहीत, चमचा नाही. दमली असेल. वॉर्ड शांत होता. मी मागून गेले. हातात स्टीलचा मोठा ट्रे, रिकामा. त्याच्या डोक्यापासून दोन हातांवर थांबले.

सोडला.

केवढा आवाज झाला. तीन नंबरचं बाळ किंचाळून उठलं. पोरी धावल्या. अंशूच्या आईनं दचकून पोराला छातीशी घट्ट धरलं होतं, आणि त्याचं तोंड आता माझ्याकडे होतं. आवाजानं वळला, की तिच्या दचकण्यानं?

बाईच्या लक्षात यायला वेळ लागला नाही. ट्रेकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. ओरडेल असं वाटलं. ओरडली नाही. तिचे डोळे भरले आणि ती हसायला लागली. माझा हात धरला. "सिस्टर जी, मुड़ा ना? आपने देखा ना? आप बोलिए, आपने देखा, मुड़ा ना?"

मी म्हटलं, "हाँ. मुड़ा।"

तिनं त्याच्या कानाचे मुके घेतले. दोन्ही कानांचे. मग फोन काढून सुरतला नवऱ्याला सांगायला लागली की बड़ी सिस्टर ने ख़ुद टेस्ट किया है, अपनी आँखों से देखा है, सुनता है हमारा अंशू.

मी काही बघितलं नाही. ट्रे सोडताना मी डोळे घट्ट मिटले होते.